बेटावरचे करकोचे

गंगाखेडच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात एक लांबट बेट आहे. निजामाच्या राज्यात ती आमच्या जागीरदाराची राखीव शिकारगाह होती. गावच्या माणसाला तिथं काडी मोडायची मनाई, आणि मी तिथला राखणदार. दसरा झाला, पाणी उतरलं, की नावाडी मला पलीकडे सोडायचा. पुढं दोन महिने मी, माझी झोपडी आणि जनावरं. राखायची कशासाठी, तर पुढं पाहुण्यांना मारायला मिळावीत म्हणून. हे मला तेव्हाही कळत होतं. पण पोट मागं लागलं की माणूस कळून न कळल्यासारखं करतो.

बघायला मात्र मला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू. सकाळी ओल्या वाळूवर पाणमांजरांची पावलं दिसायची. पुरानं अडकवून ठेवलेली काळविटं पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात कान टवकारून उभी असायची. दिवाळीच्या सुमाराला उत्तरेकडून करकोचे यायचे. आधी नुसता आवाज, मग बऱ्याच वेळानं थवा.

आमचं घर शिवभक्तांचं. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि पूजा झाली की मूठभर ज्वारी पाखरांना टाकायची, ही घरची रीत. ज्वारी बायको नावाड्याबरोबर धाडायची. पहिल्या वर्षी करकोचे मी उठून गेल्यावरच दाण्यावर यायचे. तिसऱ्या वर्षी मी पूजेला बसलो की उतरायला लागले, आणि पूजा संपेपर्यंत दोन हातांवर वाट बघत उभे राहायचे. त्यांत त्या सालचं एक पिल्लू होतं, राखाडी डोक्याचं, भलतंच आगाऊ. ते चोचीनं माझ्या धोतराचा काठ ओढायचं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. रानातलं पाखरू भीत नाही म्हणजे आपली भक्ती मोठी, असं मला वाटायला लागलं.

एका सकाळी जागीरदाराचा दरोगा न कळवता बेटावर आला आणि त्यानं हे बघितलं. "वा, अप्पा," तो म्हणाला, "परसों मेहमान आनेवाले हैं. रोज बैठते वैसाच बैठना. हौर कुछ नक्को."

नाही म्हणावं, तर आमचं घर जागीरदाराच्या जागेवर. नावाडी म्हणाला, "अप्पा, ताप आलाय म्हना अन् चला माझ्यासंगं." मी हसलो. मी अक्कल लढवून ठेवली होती. पूजा मोडायची नाही, जागा सोडायची नाही, फक्त ज्वारी न्यायची नाही. दाणाच नसला तर पाखरू येईल कशाला? साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा माझा बेत.

त्या दिवशी पाहुणे कडब्याच्या आडोशामागं बंदुका घेऊन बसले. मी आंघोळ केली, भस्म लावलं, वाळूवर बसून लिंग तळहातावर घेतलं. ज्वारीची पिशवी झोपडीतच होती. करकोचे पलीकडच्या काठावरून उठले आणि सरळ माझ्याकडे आले. त्यांना दाणा दिसावा लागतच नव्हता. मी असा हात पुढं करून बसलो की खायला मिळतं, हे ते शिकले होते, आणि शिकवणारा मीच. एक हाळी दिली असती तर सगळे उडाले असते. हाळी घशापर्यंत आलीही होती. तेवढ्यात आडोशावरून दरोग्याचा फेटा दिसला. मी भ्यालो. डोळे मिटून मंत्र म्हणत राहिलो.

बार झाले. वाचले ते ओरडत उडाले. पिल्लाचा पंख लोंबत होता. ते नदीकडे गेलं नाही, गवतात शिरलं नाही. माझ्याकडे पळत आलं आणि मांडीला चिकटून उभं राहिलं. त्याचं अंग थरथरत होतं, ते मला धोतरातून कळत होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी स्वतः केलं. दरोगा आला, त्यानं वाकून त्याची मान धरली. मी बघत होतो.

पाहुणे गेल्यावर मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "पूजा पुरी व्हायची व्हती. मला उठता आलं न्हाई."

"वरडायला उठावं लागतंय व्हय?" तिनं विचारलं.