झोपेची प्रॅक्टिस

वसंतभैया गेल्याचा फोन आला तेव्हा मी मदन महल वस्तीतल्या घरी दुपारचा चहा घेत होतो. कप तसाच राहिला… रांझीच्या मैदानावर आम्हा कामगार पोरांना कबड्डी शिकवणारा हा माणूस. स्वतः आमच्याच लष्करी सामानाच्या कारखान्यात फिटर. 'कोच' ही पदवी आम्हीच दिलेली.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. रात्रभर लांबलचक पाळी आणि कामगारांची स्पर्धा तोंडावर आलेली. चढाईची सगळी भिस्त माझ्यावर. एका पहाटे लेथवर उभ्याउभ्या माझा डोळा लागला. बाही फिरत्या यंत्रात जाणार, तोच शेजारच्यानं मागं खेचलं. दुपारी मैदानावर मी हे हसत हसत सांगितलं. भैया हसले नाहीत.

"सकाळी घरी जाऊन झोपत नाही काहून?"

"एका खोलीत सगळं घर, भैया. कुठं झोपू?"

"अच्छा. चलो, आज खेळ बंद. सगळे उन्हात आडवे व्हा."

आम्हाला थट्टाच वाटली. कप्तान गणपत चिडला. "अशानं हरू ना भैया!"

"हरू. मॅच पुढच्या वर्षी पुन्हा येईल. तुटलेलं बोट येते का?"

मग रोज तेच. हिवाळ्याच्या उन्हात अख्खा संघ घोरायचा, भैया शेजारी बसून राखण करायचे. उठल्यावर थोडे हातपाय मोकळे करायला लावायचे, थोडा खेळ, आणि पाळीवर रवानगी. बघणारे हसायचे. दुसऱ्याच फेरीत आम्ही हरलो. गणपतनं भैयांशी बोलणं टाकलं, मैदानावर झोपायला येणंही… आणि एका दुपारी मुकाट्यानं स्वतःची चटई घेऊन आला. लढाई संपून लांब पाळ्या थांबल्या तेव्हा आमच्या संघातल्या सगळ्यांचे हात शाबूत होते.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला रांझीला गेलो. बसमध्ये उभं राहून आल्यानं चेहरा उतरला असावा. त्यांनी भैयांच्या खाटेवरची चादर झटकली. "पडा थोडं, भाऊजी. हिच्यावर कोणी बसतच नाही, सगळे अवघडून राहिले."

मीही अवघडलो. पण पाठ टेकली आणि कधी झोप लागली कळलं नाही. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाहेर पोरांचा गलका चालला होता आणि वहिनी दारात उभ्या राहून दबक्या आवाजात त्यांना सांगत होत्या, "हळू रे… आत माणूस झोपून राहिला."