हरकत घेणारा पखवाजवाला

आमच्या वाडीत दोन भजनी मंडळं, नाव एकच आणि उद्देशही तेच. म्हणून आमच्या नोंदणीला हरकत घेतली ती दुसऱ्या मंडळाच्या या पखवाजवाल्यानं. सुनावणीला जाताना बसमध्ये माझ्यासाठी जागा धरतो, धर्मादाय कचेरीत मात्र ओळख दाखवत नाही, मान वळवून साहेबालाच सांगतो, "नाव आमचा, सायबा."

सप्ताहाचं भजन देवळात अखंड चालायचं असतं बघा, मंडळं पाळीपाळीनं बसतात. यंदा आमच्या पाळीला आमच्या पखवाजवाल्याचा हात आखडला आणि आम्ही सगळ्या घाबरलो. तेवढ्यात गर्दीतून हाच उठला, पखवाज ओढून घेतला आणि पाळी संपेपर्यंत डोळे मिटून आम्हाला साथ देत राहिला.

मी पाणी पुढं केलं. घाम पुसत म्हणाला, "वैनी, केस मी सोडूचंय नाय हां."

"मी पण सोडूचंय नाय, बाबा," मी म्हटलं. "आता जेवूक चल."