सोवळ्याला इस्त्री

परदेशी जाऊन मी इस्त्री करायला शिकलो. बाकीचंही काही शिकलो असेन, पदवीच्या कागदावर तसं छापलेलं आहे. पण छातीठोकपणे सांगावी अशी विद्या तेवढी एकच.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मद्रासला वेस्ट मांबलममध्ये आमचं बिऱ्हाड होतं. आम्ही तंजावरकडचे मराठी. (पुण्याच्या पाहुण्यांना आमची भाषा ऐकून हसू येई, आम्हांला त्यांची ऐकून धाप लागे.) घरात रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले अप्पा, आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी रुक्कू. विलायतेला कापडाचं शास्त्र शिकायला निघेपर्यंत मी स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नव्हतं. सदरा समोर येई, मी त्यात शिरे.

तिकडे घरमालकीणबाईंच्या दारात मी मळके सदरे नीट रचून ठेवले आणि त्यांचं काय होतं याची वाट पाहत बसलो. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी ते उचलून माझ्या हातात दिले, वर साबणाची वडी ठेवली आणि इस्त्री कुठे असते ते दाखवलं. पहिली कॉलर इस्त्री करताना मी चक्क रडलो. आईची फार आठवण आली, आणि जन्मभर आपण किती फुकटचं ल्यालो हेही कळलं. मग मात्र इस्त्रीची गोडीच लागली. दोन वर्षांत मी सदरे, पडदे, उशांचे अभ्रे, एकदा तर बाईंच्या कुत्र्याचं पांघरूणही इस्त्री केलं. परत येताना आईसाठी विजेची इस्त्री घेऊन आलो.

घरी पाऊल ठेवतो तो रुक्कूनं मला कोपऱ्यात गाठलं. तिलाही तिकडच्या एका विद्यापीठातून रसायनशास्त्रासाठी बोलावणं आलं होतं. पण मुलीच्या जातीला इतक्या लांब पाठवायचं की नाही, याचा अप्पांनी निर्णय राखून ठेवला होता. आधी थोरला कसा होऊन येतो ते बघू, मग हिचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. होकाराचं पत्र आठवड्याभरात जायला हवं होतं. म्हणजे मी घरी आलो नव्हतो, नमुना म्हणून आलो होतो!

"अण्णा, आठ दिवस नीट वाग," रुक्कू म्हणाली. "जास्त काही करूं नकोस."

तिनं पहिलंच वाक्य म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्यानं मला डिवचलं. मी नुसता नीट वागणार नव्हतो, चमकणार होतो.

सहाव्या दिवशी आजोबांचं श्राद्ध होतं. आईनं आदल्या दिवशी सोवळ्यानं धुतलेले कपडे मधल्या खोलीत आढ्याला टांगलेल्या उंच बांबूवर वाळत घातले होते: तिचं नऊवारी लुगडं, अप्पांचं धोतर, उपरणं आणि रुक्कूचंही एक लुगडं. ते काठीनंच वर चढायचे आणि काठीनंच उतरायचे. ज्यानं न्हाऊन सोवळं पाळलंय त्यानंच त्यांना शिवायचं. शेजारच्या पंकजम मामी याला मडी म्हणत. आम्ही त्या बांबूखालून लहानपणापासून वाकून गेलो होतो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पण पहाटे उठून मी वर पाहिलं, तर आजोबांच्या श्राद्धाला जाणारं ते धोतर किती सुरकुतलेलं! कापडशास्त्राचा पदवीधर घरात असताना! शिवाय मी आंघोळ केली होती. अंगात विलायतेहून आणलेला, घरात घालायचा लोकरीचा गाऊन होता, आणि लोकर सोवळ्याला चालते हे मला पक्कं आठवत होतं. (त्या गाऊनमध्ये मद्रासच्या हवेत माणूस शिजतो, पण पवित्र शिजतो.) माझ्या हिशेबानं मी पुरेसा शुद्ध होतो. मी सगळं खाली ओढलं, इस्त्रीचं बटण दाबलं, आणि अर्ध्या तासात चार घड्या अशा रचल्या की दुकानातल्या वाटाव्यात.

आई न्हाऊन, ओलेत्यानं, हातात काठी घेऊन आली. तिनं वर पाहिलं. बांबू रिकामा. मी घड्या पुढे केल्या.

"काय केलास रे हें?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि त्यानंच मला घाम फुटला.

मी लोकरीचा मुद्दा मांडला. मग आईनं एकच विचारलं, की हा गाऊन घालून तू कुठं कुठं जेवलास. आता परदेशी मी आणखी एक गोष्ट शिकलो होतो, विचारलं की खरं सांगायची. मी सांगितलं, बोटीवर अठरा दिवस नाश्ता या गाऊनमध्येच केला, मी स्वतः पाव नि मुरांबाच खाल्ला, फक्त डावीकडच्या गृहस्थांच्या ताटातलं डुक्कर कधीमधी बाहीवर उडे. आईनं डोळे मिटले. अप्पा दारात येऊन उभे होते. त्यांनी फक्त रुक्कूकडे पाहिलं, आणि रुक्कूचा चेहरा उतरला.

इथं मी थांबायला हवं होतं. पण चूक केली की आपणच निस्तरायची, असं घरमालकीणबाईंनी शिकवलेलं! सगळं पुन्हा धुवायला पाणी हवं म्हणून मी धावत विहिरीवर गेलो आणि गाऊनच्या बाह्या सरसावून दोर ओढला. विहीर आमची आणि पंकजम मामींची मिळून होती. झालं, दोर विटाळला, बादली विटाळली. मामी न्हाऊन घागर भरायला आल्या होत्या. त्यांना वाट द्यायला मी अदबीनं मागे सरलो तो नेमका त्यांच्यावरच आपटलो. मामी तमिळमध्ये जे बोलल्या त्याचं मराठी करण्यात अर्थ नाही. त्या पुन्हा न्हायला गेल्या. तेवढ्यात दोन भटजी येऊन ओट्यावर बसले, आणि गच्चीवर कपडे वाळवावेत तर आभाळ भरून आलेलं, मद्रासचा खरा पाऊस कार्तिकातलाच.

तेव्हा रुक्कू पुढे झाली. "अण्णा, तू मांबलम स्टेशनावर जाऊन बैस. बोलावीन तेव्हां ये. वाटेंत कशालाही हात लावूं नकोस."

मी गेलो. गाऊन बदलायला घरात जायचीही परवानगी नव्हती. दिवसभर मी फलाटावरच्या बाकावर लोकरीत बसून होतो. ओळखीचे लोक गाडीतून उतरत आणि पुन्हा विलायतेला निघालात का म्हणून विचारत. दुपारी भूक लागली, पण तिच्याहून मोठं दुःख पोटात होतं. मी दोन वर्षं लांब राहून जे कमावलं त्याचा मला अभिमान होता, आणि त्याच अभिमानापायी बहिणीची वाट मी बंद केली होती. एकेक गाडी सुटत होती आणि प्रत्येक गाडीत मला न गेलेली रुक्कू दिसत होती.

चार वाजता अप्पा आले. चेहऱ्यावर जेवण झाल्याची शांतता होती. ते बाकावर माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसले आणि सगळं सांगितलं. रुक्कूनं न्हाऊन दोर, बादली आणि कपडे धुतले. वाळायला वेळ नाही म्हटल्यावर ओट्यावरच्या थोरल्या भटजींना तिनं शास्त्र विचारलं. त्यांनी आधार काढला, ओलं वस्त्र सात वेळा वाऱ्यावर झटकलं की ते वाळलेलं समजावं. मग गच्चीवर एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला रुक्कू, आणि खालून भटजी मोठ्यानं आकडे मोजतायत, असं नऊवारी झटकणं झालं. मामींचंही झटकून दिलं. श्राद्ध वेळेवर पार पडलं.

मी मान खाली घालून म्हटलं, "अप्पा, माझ्यावरून रुक्कूचं ठरवूं नका."

"पत्र टाकूनच आलों," अप्पा म्हणाले. "येते म्हणून लिहिलें."

मला विश्वासच बसेना. अप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला.

"सकाळीं मी घाबरलों होतों. म्हटलें, परदेशीं जाऊन पोरें अशीं होतात. मग नीट आठवून पाहिलों, तर तू जाण्याआधींही असाच होतास. त्यांत त्या देशाचा काय दोष?"

मी अप्पांचे मनापासून आभार मानले. आभार मानायलाही मी तिकडेच शिकलो होतो, आणि त्या दिवशी माझ्या हातून धड झालेलं काम तेवढंच.