सिडिलु म्हणजे काय, मामा?

लग्न होऊन मी उदगीरकडून कर्नाटकात, निंबर्ग्याच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा मला कानडीतले दोनच शब्द येत होते: ऊटा आणि साकु. जेवण आणि पुरे. सासरी तेवढ्यावर भागतं, असं माझ्या आईचं मत होतं.

बरीच वर्षं भागलंही. घरात मराठीच बोलतात. नवऱ्याचा धंदा केबलचा. आमच्या पुढच्या खोलीला तो कंट्रोल रूम म्हणतो. गच्चीवर तीन डिश, खोलीत एकावर एक रचलेले रिसीव्हर, एक कॉम्प्युटर, एक माइक, आणि सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, कारण घरात सतत पंखा चालू असलेली ती एकच खोली. तिथून आमचं स्वतःचं लोकल चॅनल चालतं. त्यावर गावातली लग्नं, पोरांचे वाढदिवस, जत्रेतल्या कुस्त्या आणि हरवलेल्या म्हशी दाखवतो. मोठमोठ्या चॅनलांपेक्षा आमचं जास्त बघितलं जातं. ते आम्ही चांगलं चालवतो म्हणून नव्हे, तर लोकांना स्वतःचं तोंड बघायला आवडतं म्हणून.

काही वर्षांपूर्वी तालुक्याहून एक पत्र आलं. ज्याचं स्वतःचं चॅनल आहे त्या प्रत्येक केबलवाल्यानं, मग तो कितीही लहान असो, सरकारी धोक्याचा संदेश आला की चालू कार्यक्रम थांबवून तो ताबडतोब दाखवायचा. मजकूर आहे तसा दाखवायचा. त्याची रजिस्टरात नोंद करायची. आणि चोवीस तास हजर असेल अशी एक जबाबदार व्यक्ती नेमायची. नवऱ्यानं फॉर्म घेतला आणि त्या जागी माझं नाव टाकलं.

"माझं कामून?" मी विचारलं.

"मी दिवसभर खांबावर असतो. तू घरीच असतीस की."

अशा रीतीनं मी पूर, वीज, भूकंप, विषारी वायू आणि 'इतर' यांची जबाबदार व्यक्ती झाले. मंगळसूत्र घातलं तेव्हासुद्धा एवढं अंगावर घेतलं नव्हतं.

अडचण एकच होती. संदेश यायचे कानडीत. कानडी अक्षरं मला वाचता येत होती, कारण आळंदची बस कुठली आणि कलबुर्गीची कुठली हे पाटीवरून ओळखायला मी शिकले होते. पण वाचलेल्याचा अर्थ कळत नव्हता. सासऱ्यांचं बरोबर उलटं. आमचे मामा (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) शाळेची पायरी चढलेले नाहीत, जन्म मेंढरांमागं गेला. पण घरात मराठी, शिवारात कानडी आणि बाजारात दख्खनी अशा तिन्ही भाषा त्यांच्या तोंडातून सारख्याच धारेनं येतात. मग आम्ही रीत पाडली. मी डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याआडून संदेश मोठ्यानं वाचायचा, मामांनी अंगणातून अर्थ सांगायचा. आम्ही दोघं मिळून एक शिकलेला माणूस होतो.

पहिला संदेश आला त्या दिवशी हा शिकलेला माणूस अर्धाच घरी होता. मामा पाहुण्याच्या गावी गेले होते. मी एकटीनं वाचलं. पंचायत हे कळलं, चार वाजता हे कळलं, आणि पुढं लिहिलं होतं 'अणकु प्रदर्शन'. अणकु म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण प्रदर्शन तर आपलाच शब्द. आमच्या उदगीरला दर दिवाळीत साड्यांचं भरतं. मी चालू कुस्ती थांबवली आणि टाकलं: 'आज दुपारी चार वाजता पंचायतीसमोर प्रदर्शन आहे. सर्वांनी यावे.' नुसती अक्षरं ओकीबोकी दिसत होती, म्हणून एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीतलं चित्र मागं लावलं.

चारला मी गेले तर पंचायतीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. झाडून सगळ्या बाया पिशव्या घेऊन आलेल्या. समोर तालुक्याहून आलेली माणसं, एक स्ट्रेचर, आणि कपाळाला लाल रंग फासून, पट्ट्या गुंडाळून खुर्चीत बसलेला एक गडी. आमच्या शेजारच्या अक्कानं त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "तू काय विकायलास रं?" तेवढ्यात भोंगा वाजला. बाया किंचाळत पळाल्या. काही चपला टाकून पळाल्या आणि त्या न्यायला परत आल्या. आलेले साहेब हरखून गेले. इतका जनतेचा प्रतिसाद आजवर कुठल्याच गावात मिळाला नाही, असं त्यांनी भाषणात सांगितलं आणि गर्दीचा फोटो काढून घेतला.

संध्याकाळी मामा आले. मी अणकुचा अर्थ विचारला.

"अणकु म्हणजी खोटं," ते म्हणाले. "नकली. संकट आलं तर काय करायचं, त्याचं नाटक करून बघत्यात."

पुढं महिनाभर बाया मला वाटेत थांबवून साड्या कधी येणार ते विचारत होत्या. मी ठरवून टाकलं, यापुढं मामांना विचारल्याशिवाय एक अक्षर टाकायचं नाही.

वैशाखातल्या एका दुपारची गोष्ट. नवरा ॲम्प्लिफायर आणायला कलबुर्गीला गेला होता. चॅनलवर गावातल्याच एका लग्नाचा व्हिडिओ लागला होता. नवरदेवाच्या बापानं तो मुद्दाम त्या दिवशी लावायला सांगितला होता, कारण घरात पाहुणे होते. बाहेर ऊन रणरणत होतं. फक्त अक्कलकोटच्या बाजूला आभाळ थोडं निळसर काळं दिसत होतं. फोन वाजला. संदेश होता. मी वाचत गेले आणि एका शब्दाशी अडले. आमच्या गावाचं नाव ओळखू येत होतं, एका तासाच्या आत असंही काहीतरी होतं. मामा मेंढरं घेऊन रानात होते. मी त्यांना फोन लावला. फोनवर बोलतानाही माझा हात आपोआप पदराकडं गेला.

"मामा, सिडिलु म्हणजे काय?"

"वीज गं. चमकती ती न्हवं, पडती ती."

"पुढं 'मरद केळगे निल्लबेडी' असं लिवलंय."

"झाडाखाली उभारू नका म्हणायलेत." मामा हसले. "हापिसात पंख्याखाली बसून सांगायला काय जातंय. रानात दुसरी सावली हाय का?"

"तुम्ही कुठं हाव?"

"बाभळीखाली."

एवढ्या शांतपणे सांगितलं, जणू खाटेवर पडलेत. मी म्हटलं, मामा, तिथून निघा. ते म्हणाले, माझं वय बाभळीखाली गेलंय, वीज मला वळखती. मी परत म्हटलं. ते म्हणाले, "ठिव आता, बॅटरी जायलीय," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. सुनेचं दोनदा ऐकायची पद्धत आमच्या घरात नाही.

मी कॉम्प्युटरपुढं बसले. आमच्या कंट्रोल रूमला इन्व्हर्टर आहे, पण गावातल्या टीव्हीला नाही, आणि पहिल्या वाऱ्याला गावातली लाइट जाते. विजेचा इशारा वीज असेपर्यंतच द्यायचा, ही या सगळ्या कारभारातली गंमत पत्र लिहिणाऱ्याला कुणी सांगितली नसावी. पडद्यावर भटजी शेवटचं मंगलाष्टक म्हणत होते, लोकांनी अक्षता मुठीत धरल्या होत्या. मी व्हिडिओ थांबवला. संदेश टाइप करायला घेतला तर बोटं चालेनात. मग मी माइक ओढला आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"ऐका. तासाभरात विजा पडणार हायत. रानात असतील त्यांनी झाडाखाली उभारू नका. आमचे मामा आत्ता निंबर्ग्याच्या वाटेच्या बाभळीखाली उभारलेत. ते माझं ऐकंनात. ज्याच्याकडं त्यांचा नंबर असल त्यानं त्यास्नी फोन करा, न्हाई तर जवळ कुणी असल त्यानं जाऊन वढून काढा."

तीन वेळा बोलले. चौथ्या वेळी लाइट गेली.

बाहेर येऊन बघते तर ऊन गायब. वाऱ्यानं पत्रे वाजत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या टीव्हीवर तेच लग्न बघत होत्या, त्यामुळं त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं त्या बोलतील. सासऱ्याला गावासमोर असं उघडं पाडलं म्हणून चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "वढून काढा म्हणलीस ते बरं केलीस. असा न्हाई निघायचा तो."

मग विजा सुरू झाल्या. पहिली लांब, दुसरी जवळ. तिसरी इतकी जवळ की बरण्या हलल्या. सासूबाईंनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मला राग मामांचा येत होता आणि रडू स्वतःचं येत होतं. फोनला रेंज नव्हती. पाऊस तिरका घरात येत होता आणि दार लावायचं आम्हा दोघींनाही सुचत नव्हतं.

तासाभरानं मामा आले. नखशिखांत भिजलेले, काखेत एक कोकरू, सोबत शेजारच्या शेताचा मालक. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "कुठं हाय माझा फोटू?"

मला काही कळेना. मग त्या शेतकऱ्यानं सांगितलं. त्याच्या बायकोनं घरून फोन केला होता. तो बाभळीकडं पळत गेला, तेव्हा मामांचा फोन सारखा वाजत होता आणि मामा एकाचाही उचलत नव्हते. निघा म्हटलं तर निघेनात. मग तो म्हणाला, "काका, तुमच्या सुनेनं तुम्हाला टीव्हीवर घातलंय, सगळं गाव बघायलंय." हे ऐकल्यावर मामा उठले. फोटो कुठला लावला, पटका बांधलेला का साधा, असं विचारत त्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत चालत गेले. दोघं आत शिरले आणि वीज बाभळीवर पडली. मेंढरं मागं यायला लागली होती, पण दोन मेंढ्या झाडाखालीच राहिल्या होत्या.

मामांनी कोकरू सासूबाईंच्या हातात दिलं. ते त्यातल्याच एका मेंढीचं होतं. अंग पुसलं नाही, जेवले नाहीत. कोपऱ्यात उकिडवे बसून राहिले. मी चहा ठेवला तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "माणसानं झाडाखाली उभारू नये म्हणलीस. मेंढरांचं कामून न्हाई सांगितलीस?"

संदेशात नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. पण मी 'चुकलं मामा' म्हटलं. मग त्यांनी चहा घेतला.

आठवडाभरात तालुक्याहून साहेब आले. हे दुसरे, प्रदर्शनवाले नव्हेत. नवरदेवाच्या बापानं तक्रार केली होती. अक्षता पडायच्या आधीच लग्न बंद पाडलं, पाहुण्यांत अपशकुन झाला, आणि सरकारी संदेशाच्या नावाखाली केबलवाल्यांनी घरगुती भांडण दाखवलं. साहेबांना मराठी येत नव्हती. आमच्या अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि कानडीत बरंच बोलले. मजकूर आहे तसा दाखवला नाही, एका खासगी माणसाचा उल्लेख केला, याचं उत्तर द्या, असा अर्थ मामांनी मला सांगितला.

मी उत्तर दिलं. माझं चुकलं, घाबरले होते, टाइप करता आलं नाही, पुन्हा असं होणार नाही, मी बाईमाणूस, परकी भाषा, असं खूप काही बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेबांकडं वळून ते कानडीत दोनच वाक्यं बोलले. साहेबांनी पेन थांबवलं. मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहा मागितला. जाताना रजिस्टरात लिहून गेले की वर सरकारी मजकूर जसाच्या तसा दाखवावा, खाली लोकांना समजेल अशा भाषेत सांगायला हरकत नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "मामा, मी इतकं बोलले, तुम्ही एवढंसंच कसं सांगितलं?"

"तुझं सांगितलोच न्हाई. रडगाणं कोण ऐकतंय." मामांनी तंबाखू मळली. "म्हणलो, साहेब, ह्या मेसेजचा अर्थ हिला मीच सांगितलो, आन् सांगून त्याच झाडाखाली बसून राहिलो. चूक कुणाची लिवायची ती लिवा."

मी आत गेले आणि उगीच भांडी घासायला घेतली.

नवऱ्यानं त्या संध्याकाळी विचारलं, फॉर्मवरचं नाव बदलू का. मी नको म्हटलं. आता वर कानडी मजकूर जातो, खाली माझं मराठी. वीज असली तर 'जनावरंबी झाडाखालून काढा' हे मी न चुकता लिहिते, संदेशात असो नसो. मामा रोज फोन पूर्ण चार्ज करून रानात जातात, आणि आभाळ आलं तर दर वेळी स्वतःहून फोन करून सांगतात की मी उघड्यावर हाव, टीव्हीवर घालू नको.

नवरदेवाकडच्यांची समजूत काढायला आम्ही ते लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्या दिवशी गावातल्या एकूण एक घरात टीव्ही चालू होता. आता कुठला म्हातारा निघतोय या आशेनं सगळे बसले होते. आभाळ स्वच्छ होतं. अक्षता पडल्या, हार घातले गेले, पंगती उठल्या. मग नवरदेवाच्या आजीनं फोन करून तक्रार केली की वाजंत्र्यांचा आवाज बारीक आलाय आणि तिचा नव्या नऊवारीतला फोटो एकदाच दिसला.