शिस्तबद्ध रांग

मेट्रो स्टेशनच्या फाटकाला कुणीतरी कार्ड लावलं. 'टुक' आवाज आला आणि मला स्वस्थ बसवेना.

वीसेक वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत अग्निसुरक्षा प्रशिक्षक म्हणून मी आगीची माझी पहिली रंगीत तालीम घेतली. भोंगा वाजताच माणसं जिना उतरली आणि दाराशी ओळीत थांबून, कार्ड लावत एकेक बाहेर आली. टुक, टुक. ना ढकलाढकली, ना आरडाओरडा. मी खूश होऊन अहवालात लिहिलं, 'शिस्त वाखाणण्याजोगी.'

निघताना गेटवरचे वॉचमन काका म्हणाले, "मॅडम, कार्ड लावल्याबिगर भायेर पडलं की अर्धा दिवस कापत्यात. खरी आग लागली तरी रांगच लावतील."

मी हसले. पुढे इतकी वर्षं लोकांना आगीतून बाहेर पडायला शिकवलं. तो अहवाल मात्र बदलला नाही. कुठल्याशा फायलीत तो अजून त्या रांगेचं कौतुक करत असेल.