आर्चीचं ‘वाईट नाही’

स्पे नदीच्या माझ्या शेजारच्या पट्ट्यावर आर्ची गेडिस चाळीस वर्षं गिली होता. सामन मासे धरायला आलेल्या पाहुण्यांना पाण्यात उभं करायचं, गळाची लांब काठी दोन्ही हातांनी फिरवायला शिकवायचं आणि बुडू द्यायचं नाही, हे आम्हा गिलींचं काम. माणूस कष्टाळू, पण तोंडाचा भलता कंजूष. बायको वारली तेव्हा पाद्रीबाबांना एवढंच म्हणाला, “आता चहा मलाच करावा लागणार.”

आमच्या खोऱ्यात स्तुतीची शेवटची पायरी म्हणजे ‘वाईट नाही’. त्याच्या वर काही नाही. नवरीला हेच म्हणतात, अठ्ठावीस पौंडी माशालाही हेच. पाहुण्यांना मात्र आर्ची “अप्रतिम साहेब, सुंदर साहेब” म्हणायचा, मग त्यांची दोरी स्वतःच्याच टोपीत का अडकेना. ते बक्षिशीचे शब्द होते.

त्याची पोरगी मोरॅग बारा वर्षांची असल्यापासून त्याच्या हाताखाली शिकली. तिची खोड एकच, उजव्या हाताने काठी ढकलायची. मग दोरी पाण्यावर ढीग होऊन पडे. आर्चीने तिच्या उजव्या काखेत लोकरीचा हातमोजा दाबून ठेवायला लावला. कोपर अंगापासून सुटलं की मोजा नदीत.

“ढकलू नकोस, डाव्याने खालून ओढ.”

“ढकलत नाहीये, बाबा!”

“मग मोजा काय पोहायला गेला?”

तिने किती मोजे वाहवले याची गणती नाही. शेवटी एका फेब्रुवारीत सकाळभर मोजा पडला नाही. ती लाल नाकाने बापाकडे बघत राहिली. आर्ची म्हणाला, “गोठून चिकटला असेल.” मला तेव्हा त्याचा असा राग आला! ती चौतीस वर्षांची होती आणि एका शब्दासाठी बावीस वर्षं थंड पाण्यात उभी होती.

मग आर्चीचा खांदा गेला. काठी डोक्यावर जाईना. घर नोकरीबरोबर मिळालेलं, नोकरी गेली की घर सोडायचं. मोरॅगला त्याच्या जागी घेतलं तरच दोघांच्या डोक्यावर छप्पर राहणार होतं. इस्टेटीचे नवे कारभारी पेलमसाहेब लंडनचे. ते मोरॅगला म्हणाले, “मला गळाच्या फेकीतलं कळत नाही. एकदा बघतो, मग तुमच्या वडिलांना विचारतो.”

एप्रिलमध्ये ते नवे कोरे बूट घालून काठावर आले. आर्चीने मलाही बोलावलं होतं. वारा नदीबरोबर खाली वाहत होता, म्हणून मोरॅग दुहेरी फेक मारत होती. दोनदा दोरी सरळ पलीकडच्या अल्डरच्या झाडाखाली गेली. तिसऱ्या वेळी तिने काठी उचलली आणि वारा उलटला, खालून वर आला. तशीच दुहेरी मारली असती तर गळ तिच्याच तोंडात रुतला असता. तिने काठी तशीच वळवून एकेरी फेक मारली. गळावरची पिसांची नकली माशी त्याच झाडाखाली अलगद टेकली. माझी स्वतःची ती फेक चुकली असती.

पेलमसाहेब वळले. “काय गेडिस, कशी आहे?”

आर्चीने टोपी काढली. टोपी काढलेलं मी त्याला फक्त बायकोच्या मातीला पाहिलं होतं. घसा साफ करून तो म्हणाला, “वाईट नाही.”

मोरॅगने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती, आनंदाने. माझेही डोळे भरले. पेलमसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. ते लेकाचे काय समजले हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. मी गप्प उभा राहिलो, ते मला आजही खातं.

आठवड्याने पत्र आलं. ‘आपल्या वडिलांच्या प्रामाणिक मताचा मान राखून’ जागा दुसऱ्याला दिली होती. आर्ची टोपी हातात धरून कचेरीत गेला. “साहेब, मी तिला चांगली म्हणालो होतो.”

“गेडिस, पाहुण्यांना तुम्ही अप्रतिम म्हणता, मी ऐकलंय. पोटच्या पोरीला वाईट नाही म्हणालात. मी काय समजायचं?” नव्या माणसाची सही आधीच झाली होती.

आता मोरॅग पश्चिम किनाऱ्यावर पाळीव सामन साफ करायच्या कारखान्यात आहे. आर्ची एल्गिन शहरात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहतो. खिडकीतून मोटारी दिसतात. नर्सला, बसवाल्याला, भेटेल त्याला सांगतो, “माझी मुलगी अप्रतिम फेकते.” त्यांनी बिचाऱ्यांनी नदीसुद्धा पाहिलेली नसते.

गेल्या रविवारी दुपारी मला मोरॅगचा फोन आला. आवाज कापत होता.

“सँडीकाका, बाबांकडे जाऊन ये ना. डॉक्टरला घेऊनच जा.”

“का गं? काय झालं?”

“आत्ता फोनवर बोलले. मला अप्रतिम म्हणाले.”