मामांशिवाय गेलेली भेंडी

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आमच्या शेतकरी सोसायटीच्या ओट्यावर भेंडीचे क्रेट लावत होतो. सकाळी मळ्यात फेरी मारून आले, पेज प्यायले, जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. रडू आवरेना... आणि तरी सुटल्यासारखंही वाटलं. दवाखान्याला ते फार घाबरायचे. त्याची पायरी त्यांना चढावी लागली नाही.

आमच्या गणेशपुरीकडच्या भेंडीला पूर्वी दलालाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. मग दोन हजार सालानंतर कधीतरी शहरातल्या काही तरुणांनी दापोड्याच्या गोदामात नवी कंपनी काढली. शेतकऱ्यांची भाजी थेट मुंबईच्या दुकानांना द्यायची. मामांनी घरोघर फिरून सोसायटी उभी केली, पहिली गाडी भरली. पण माल मोठ्या ठिकाणी जायचा म्हणून गावाने भेंडी विहिरीवर नेऊन लख्ख धुतली! दापोड्याला पोचेपर्यंत ती काळी, चिकट. अख्खी गाडी परत. लोक मामांवर तुटून पडले, मामा मात्र हसत सुटले. "अरं, देवाला धुवूनच देतो ना आपुन? त्यांनाबी तसंच दिलं." पुढच्या खेपेला पहाटेच दारोदार फिरून त्यांनी भेंडीला थेंबभर पाणी लागू दिलं नाही. ती गाडी पास झाली. तेव्हापासून प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी मामा. मला एकच धास्ती होती, हा माणूस आहे तोवरच सोसायटी आहे.

मामा गेले त्या दिवशी तीच वेळ आली. मयत उठेपर्यंत आमच्याकडे कुणी कामाला हात लावत नाही, आणि भेंडी काही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. आम्ही मामांच्या अंगणात बसून. विचारायचं कुणाला? शेवटी मामीच दारात आली. "बघत काय बसलाव? ते असते तर पयलं इचारलं असतं, गाडी गेली काय?"

गाडी गेली. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा ड्रायव्हर ओट्यावर वाट बघत होता. दापोड्याच्या गेटवर माल तपासणाऱ्या इरफानभाईंनी विचारलं म्हणे, "मामा नहीं आये?" याने मामा गेल्याचं सांगितलं. कोवळेपणा बघायला इरफानभाई नेहमी भेंडीचं टोक मोडायचे, आणि मोडलेली भेंडी फेकलेली मामांना खपायची नाही. ती इरफानभाईंच्याच हातात कोंबून तिथेच खायला लावायचे. त्या दिवशी इरफानभाईंनी भेंडी मोडली, उभ्याउभ्या सगळी खाल्ली आणि म्हणाले, "पास. अगली गाड़ी भी टाइम पे लाना."

महिना होत आला, गाडी चुकलेली नाही. परवा मीच माल घेऊन गेलो. इरफानभाई कच्ची भेंडी चावत होते. आवडते का, म्हणून विचारलं.

"बिल्कुल नहीं," म्हणाले, आणि दुसरी मोडली.